नऊचा आकडा आणि निळी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. अंगानं जाड, पोटानं गार आणि स्वभावानं जरा झोपाळू. माझ्या झाकणाची एक कडी तुटली आहे, तिथं सुतळी बांधतात. तेलगावच्या चौकात रक्त तपासणीचं एक छोटं दुकान आहे, त्याच्या बाकाखाली माझी जागा. रक्ताच्या नळ्या पोटात घ्यायच्या आणि अंबाजोगाईच्या मोठ्या लॅबमध्ये गारच्या गार पोचवायच्या, हे माझं काम. तुम्ही मला कधीतरी एसटीत पाहिलंही असेल. पण पेटीकडे कोण बघतं? जो तो विचारतो, आत काय आहे.

झाकण लागलं की माझ्या आत अंधार होतो. बर्फाच्या लाद्या हळूहळू गारवा सोडू लागतात आणि मला गुंगी येते. बाहेरची बोलणी माझ्या जाड भिंतीतून गाळली जाऊन, संथ होऊन आत येतात. ऐकणं कुठं संपलं आणि स्वप्न कुठं सुरू झालं, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. म्हणून मी जे सांगणार आहे त्यातलं काही मी ऐकलेलं असेल आणि काही गुंगीत पाहिलेलं. खोटं मात्र त्यात काही नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. दोन कवचं केली आणि त्यांच्या मधल्या फटीत फेस ओतला. तो फुगला आणि घट्ट बसला. तो फेस हाच माझा जीव. त्याच्यामुळं ऊन आत शिरत नाही आणि गारवा बाहेर पळत नाही. पहिली नोकरी मला सरकारी लागली, याचा मला अजून थोडा तोरा आहे. रतनबाई नावाच्या नर्सबाई मला खांद्याला अडकवून वाड्यावस्त्यांवर लस घेऊन फिरायच्या. मला पाहिलं की पोरं धूम ठोकायची. कुणी कणगीमागे, कुणी आजीच्या पदराआड. रतनबाई हसून म्हणायच्या, "पळा, पळा! या पेटीला पाय न्हाईत, पर ती तुमच्या घरी येनारच." घरी गेल्यावर त्या मला ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि उन्हात उताणी ठेवायच्या. तेवढे लाडकोड माझे पुन्हा कुणी केले नाहीत.

मग एक दिवस कडी तुटली. नवीन पेट्या आल्या आणि मला कोठीत टाकलं. सरकारी कोठीत पडलेल्या वस्तूंचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. लिलावात मी दिंद्रुडच्या आश्रुबाकडे गेले. आश्रुबा आठवडी बाजारात पेप्सी विकायचा, ती प्लास्टिकच्या नळीतली लाल, केशरी, हिरवी गोड बर्फाची कांडी. जी पोरं मला पाहून पळायची, त्यांच्यासारखीच पोरं आता माझ्याकडे धावत येऊ लागली. मला गंमत वाटायची. पण आश्रुबा मला धूत नसे. साखरेच्या पाण्यानं अंग चिकट झालं, मुंग्या लागल्या आणि पुढं त्यानं मोठा फ्रीज घेतल्यावर मी त्याच्या गोठ्यात गेले. तिथं एका कोंबडीनं माझ्यात गवत ओढून आणलं आणि ती अंड्यांवर बसली. जन्मभर गारवा धरणाऱ्या पेटीनं आता ऊब धरायची! मी तीही धरली. कोंबडी हलत नव्हती, मीही हलत नव्हते. काम न करता नुसतं थांबणं हेही एक काम असतं, हे मला तिनं शिकवलं.

तिथून मला बद्रीनाथनं उचललं. तेलगावचं ते रक्ताचं दुकान त्याचंच. त्यानं मला गरम पाण्यानं आणि औषधानं इतकं घासलं, की माझा निळा रंग थोडा फिका पडला. त्यानंतर माझ्या पोटात नळ्या येऊ लागल्या. बद्रीनाथ रक्त घेतो, थोडा वेळ थिजू देतो, मग यंत्रात गरगर फिरवतो. लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर, पारदर्शक पाणी येतं. त्या पाण्यात माणसाच्या अंगातली सगळी बातमी असते. कुणाची साखर, कुणाचं थायरॉइड. नळ्या बोलत नाहीत. पण वाटेत त्या एकमेकींना लागून किणकिणतात आणि मला वाटतं, कुजबुजत असतील.

अशाच एका पिवळ्या पाण्याची ही गोष्ट आहे.

दिंद्रुडजवळच्या वस्तीवर राहणारी मनिषा दुकानात आली, तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या भरू लागल्या होत्या. तिच्याबरोबर तिची सासू चंद्रभागाबाई होती. मनिषाला दिवस गेले होते. पण याआधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा सुरुवातीलाच सगळं वाहून गेलं होतं. या खेपेलाही लुगड्याला थोडा लाल डाग दिसला, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि म्हणाले, थोडे दिवस जाऊ द्या, मग अंबाजोगाईला सोनोग्राफी करून घ्या. तिची नळी माझ्या पोटात आली. बद्रीनाथनं तिच्यावर चिठ्ठी चिकटवली होती, प्रोजेस्टेरॉन. एवढं लांबलचक नाव मी आधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथच्या मोबाइलवर निकाल आला. "मावशी, बारा आलंय," तो म्हणाला.

"बारा!" चंद्रभागाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं माय! आपल्या म्हशीला आठाच्या वर फॅट लागली न्हाई कधी!"

बद्रीनाथला हसू आवरेना. "मावशी, हे दूध न्हाई."

"मंग काय हाय?"

"बाळाला धरून ठेवनारा रस हाय. रगतात असतो."

"म्हंजी फॅटच की."

हसू नका मित्रांनो. चंद्रभागाबाईंच्या म्हशींचं दूध दिंद्रुडच्या डेरीत जातं. तिथं रोज दुधाचा नमुना यंत्रात घालतात आणि आकडा लागतो. आकडा चांगला असला तर दूध घेतात, घसरला तर कॅन परत. त्यांचं सगळं घर त्या आकड्यावर चाललेलं. माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळं बारा ऐकून त्या खूश झाल्या आणि जाताना बद्रीनाथच्या हातावर चिवड्याची पुडी ठेवून गेल्या.

ती खुशी फार टिकली नाही. त्यांची लेक बबिता माजलगावला दिली आहे. तिनं फोनवर सांगितलं, "माय, माझ्या येळेला अठ्ठावीस होतं." झालं! अठ्ठावीस आणि बारा. म्हशीची फॅट घसरली की सरकीची पेंड वाढवायची, हे चंद्रभागाबाईंना लहानपणापासून ठाऊक. त्याच न्यायानं त्यांनी मनिषाला डिंकाचे लाडू चारले, भाकरीवर तुपाची धार सोडली. आणि मग कुणीही सांगितलं नसताना, त्या तिला पुन्हा दुकानात घेऊन आल्या. "बद्री, आता लाव बरं परत."

बद्रीनाथ म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं न्हाई मावशी. सोनोग्राफी करा म्हनले."

"ते करूच. आदी हे लाव."

दुसरी नळी माझ्या पोटात आली. या वेळी आकडा आला नऊ.

तो दिवस मला चांगला आठवतो. बाकाखाली मी होते, बाकावर त्या दोघी आणि दारात मनिषाचा नवरा युवराज, कानाला फोन लावून. मग चंद्रभागाबाई म्हणाल्या, "लाडू घातले, तूप घातलं, तरी घसरली. आता काय राहिलंय? दूध नासलं की कॅन धुवून टाकावा लागतो. अंबाजोगाईला जाऊ न् पिशवी धुवून घेऊ."

पिशवी म्हणजे गर्भाशय, मित्रांनो. ती धुवायची म्हणजे आत जे काही रुजू पाहत होतं ते काढून टाकायचं.

युवराजनं फोनवर हात ठेवला. "माय, नाथा मुकादम म्हनतो, ट्रॅक्टर भरायलाय. कोयता पुरा हाय का न्हाई, तेवढं सांगा."

कोयता म्हणजे नुसतं ऊस तोडायचं हत्यार नव्हे. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. नवरा तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. एकट्याला टोळीत कोण घेतो? युवराज बायकोकडे बघत होता आणि बघवत नाही म्हणून रस्त्याकडे बघत होता.

मनिषा सासूकडे वळून हळूच म्हणाली, "आत्या, ते जित्तं असलं तर?"

चंद्रभागाबाई पदर सावरू लागल्या.

"गेलं असलं तर म्या सोता म्हनते, धुवा," ती म्हणाली. "पर बगितल्याबिगर न्हाई. एकडाव मला बगू द्या."

"चल मंग," चंद्रभागाबाई उठल्या. "बगून बी होईल न् धुवून बी होईल."

नेमका मला रोज नेणारा माणूस तापानं पडला होता. बद्रीनाथनं विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मलाच त्यांच्या हवाली केलं. "वैनी, अंबाजोगाईला जातच हाव तर एवढी पेटी लॅबला द्या. लोकांच्या नळ्या हायेत आत. उनात ठिवू नका न् झाकन उघडू नका." मनिषानं मला दोन्ही हातांनी घेतलं. इतकं जपून मला बऱ्याच वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

एसटीत तिनं मला मांडीवर ठेवलं. माझी एक बाजू तिच्या पोटाला टेकली. धारूरचा घाट लागला तशी गाडी डोलू लागली आणि मला गुंगी आली. माझ्या भिंतीच्या अलीकडे गारवा, पलीकडे ऊब. अलीकडे दुसऱ्यांच्या बातम्या झोपलेल्या, पलीकडे एक बातमी अजून बनतच होती. मला स्वप्न पडलं, की मी पुन्हा त्या गोठ्यात आहे आणि माझ्या आत गवतावर काहीतरी इवलंसं आहे. त्याला कुणी हात लावू नये, कुणी हलवून बघू नये, एवढंच मला वाटत होतं. वळणावर मनिषाचा हात माझ्या झाकणावर आला. तो हात थंड होता. आपल्या पोटावर ठेवायची तिला भीती वाटत असावी, म्हणून तिनं तो माझ्यावर ठेवला होता.

"आत्या," ती म्हणाली, "तुमी कावून एवढी घाई करायल्या?"

चंद्रभागाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता. "तुला उसाचा फड ठाव हाय ना पोरी? खाली पाचट, वर ताडपत्री. दवाखाना कुठं न् आपन कुठं. तितं सुरू झालं तर कोन धावंल? हितं माझ्या डोळ्यांपुढं होऊन जाऊ दे. म्या तरी असंल."

मला तोवर ही बाई कठोर वाटत होती. त्या वाक्यानंतर मला तसं वाटेना. ती भ्यालेली होती आणि भ्यालेलं माणूस घाई करतं.

आडस गेलं, अंबाजोगाई आली. लॅब जरा लांब होती आणि दवाखाना स्टँडजवळ, म्हणून त्या आधी दवाखान्यात शिरल्या. जिन्यावरच मदतनीस बाई म्हणाली, "पेटी बाहेर ठेवा." मनिषा म्हणाली, "बाहेर कशी ठिवू? जोखमीची हाय. लोकांच्या नळ्या हायेत." डॉक्टर म्हणाल्या, असू दे, आण आत. डॉक्टरांचं नाव सुरेखा. केस पिकलेले, चष्मा कपाळावर आणि बोलणं सावकाश. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर जागा मिळाली.

चंद्रभागाबाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. "म्याडम, हिची पिशवी धुवून द्या. बारा होती, नवावर आली. माझ्या लेकीला अठ्ठावीस होती."

"काय नवावर आली?"

"फॅट."

बद्रीनाथ हसला होता, तशा डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही निकाल पाहिले आणि विचारलं, "मावशी, तुमच्या म्हशी किती?"

"तीन."

"तिघींची फॅट सारखी लागते?"

"कुठं हो! एकीची सात, एकीची साडेसहा. ज्याची त्याची जात."

"आणि एकाच म्हशीची? सकाळची आणि संध्याकाळची?"

"ती बी एक न्हाई. सकाळची येगळी, संध्याकाळची येगळी." एवढं बोलून चंद्रभागाबाई थांबल्या. आपणच काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं.

"तसंच आहे हे," डॉक्टर म्हणाल्या. "हा रस रक्तात सतत कमी-जास्त होतो. एकाच बाईचा एकाच दिवसात वेगवेगळा येतो. आणि दोन बायकांचा तर सारखा येतच नाही. बबिताचं बबिताला, हिचं हिला. पाचाच्याही खाली गेला असता तर मला काळजी वाटली असती. वीस-पंचविसाच्या वर असता तर मी बरीच निर्धास्त झाले असते. हे मधले आकडे एकटे काहीच सांगत नाहीत. त्यांच्यावरून कुणी पिशवी धुवायची नसते. चल मनिषा, बघू या."

खोलीत अंधार केला. मित्रांनो, अंधार म्हणजे माझं माहेर. पण त्या अंधारात मला गुंगी आली नाही. मशीन सुरू झालं, कुठलीशी बारीक घरघर येत होती. मनिषानं श्वास धरला होता, तो मला ऐकू येईना. माझ्या पोटातल्या नळ्याही गप्प झाल्या होत्या.

तेवढ्यात चंद्रभागाबाईच म्हणाल्या, "म्याडम, ते मधीच लुकलुकतंय ते काय?"

"तोच ठोका," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाचा."

"कुनाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? तुमच्या नातवंडाच्या."

मनिषानं धरलेला श्वास सोडला आणि ती रडायला लागली. डॉक्टरांनी तिला रडू दिलं. पडदा तसाच तिच्याकडे वळवून ठेवला. चंद्रभागाबाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या, की मदतनीस बाईला त्यांना मागे घ्यावं लागलं. "जित्तं हाय," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "जित्तं हाय गं."

मग दिवा लागला आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं जपून ठेवलं आहे, कारण जपणं हाच माझा धंदा. गर्भ राहिला, की बाईच्या बीजकोषात एक छोटीशी पिवळी गाठ तयार असते. ती गाठच प्रोजेस्टेरॉन सोडते. त्या रसानं पिशवीचं अस्तर मऊ आणि जाड राहतं, पिशवी शांत राहते, बाळाला तिथं रुजता येतं. पण ही गाठ काही कायमची नसते. दोन-अडीच महिने होईतो नाळेच्या टोकाची वार तयार होते आणि सगळं काम हाती घेते. गाठ आपली सुकून जाते.

"वार म्हंजी आमी म्हशीचा जार म्हनतो, तोच ना?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"तोच."

मी स्टुलावर बसल्या बसल्या थरारले. मधला वेळ सांभाळणारी, खरी जागा मिळेपर्यंत धरून ठेवणारी आणि काम झालं की बाजूला होणारी एक गाठ! म्हणजे माझ्याच जातीची की. इतकी वर्षं मला वाटायचं, पेट्या फक्त कारखान्यात बनतात.

डॉक्टरांनी मनिषाला त्याच रसाच्या गोळ्या लिहून दिल्या. आधी दोनदा गेलेलं आणि आता डाग दिसलेला, अशा वेळी त्यांचा थोडा उपयोग होऊ शकतो, म्हणाल्या. "पण एक सांगते. आज ठोका आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. पुढचं मी लिहून देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. परत यायचं, परत बघायचं. जास्त रक्त गेलं किंवा पोटात कळ आली, तर लगेच यायचं. आणि जिथं दवाखाना जवळ नाही, तिथं या वर्षी जायचं नाही."

"आनि लाडू?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"लाडवानं आकडा वाढत नाही मावशी. पण पोरीला आवडत असतील तर खाऊ द्या की."

मनिषानं डोळे पुसले. "म्याडम, आदीचे दोन... म्या मोळी उचलली म्हून गेले का? सगळे तसंच म्हनले."

"नाही," डॉक्टर लगेच म्हणाल्या. "इतक्या लवकर जातं ते बहुतेक वेळा मुळातच नीट जुळलेलं नसतं. बी पडतानाच त्यात उणं असतं. ते थांबतं, म्हणून हा रस उतरतो. लोक उलटं समजतात. रस उतरला म्हणून गेलं, ओझं उचललं म्हणून गेलं, असं बोलत राहतात. फडातलं ओझं वाईटच, बाईचं अंग मोडतं ते. पण तुझी ती दोन तुझ्या मोळीनं गेली नाहीत."

चंद्रभागाबाईंनी मला उचललं आणि डोक्यावर घेतलं. मी इतकी वर्षं खांद्यांवर फिरले, मांडीवर बसले, पण डोक्यावर मला कुणी घेतलं नव्हतं. जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो. लॅबकडे निघालो. चालता चालता त्यांनी मनिषाच्या मोबाइलवरून युवराजला फोन लावायला सांगितला.

"हॅलो, युवराज? ऐक. लेकरू चांगलं हाय. हां, जित्तं हाय, म्या सोता बगितलं." पलीकडून मला फक्त नाक ओढल्याचा आवाज आला. "आता रडू नको. नाथाला सांग, कोयता पुरा हाय. मनिषा न्हाई येत. तुझ्यासंगं म्या येते."

मनिषा रस्त्यातच उभी राहिली. "आत्या, तुमी? या वयात?"

"कुठलं वय? तुझ्या नवऱ्याला घिऊन म्या कितीदा फडात गेल्ते. म्हशी तू बग. डेरीला येळेवर दूध घाल. बबिता यिऊन राहील चार रोज. गोळ्या इसरू नको." असं म्हणून त्या पुढे चालू लागल्या. मनिषा मागून काहीतरी म्हणत होती, त्या ऐकत नव्हत्या.

थोडं पुढं गेल्यावर त्यांची चाल मंदावली. मी डोक्यावर होते म्हणून मला कळलं. मग त्या थांबल्या. माघारी वळल्या.

"आत्या, लॅब इकडं हाय."

"तू थांब हितं सावलीला. एक इचारायचं राहिलं."

उन्हानं माझ्या झाकणाला चटका बसत होता. लाद्यांमधला बर्फ पाणी होऊ लागला होता. एरवी अशा वेळी मला घाई होते, जीव टांगणीला लागतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला घाई झाली नाही. त्या मला डोक्यावर घेऊनच जिना चढल्या. दुसरी बाई आत होती तरी पडदा सरकवून दारात उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "काय झालं मावशी? बसा. ते डोक्यावरचं उतरवा आधी."

त्यांनी मला उतरवलं नाही. तशाच, दोन्ही हातांनी मला धरून, त्या म्हणाल्या, "म्याडम, माझं बी एक असंच गेलतं. कर्नाटकात, फडात. सुरवातीलाच. मोळी डोक्यावर हुती. माझी सासू मरंपातूर म्हनली, तूच पाडलंस. म्या बी तसंच धरून बसले. परत तसं नको म्हून पुढं पिशवीच काढून टाकली म्या." त्यांनी मला आणखी घट्ट धरलं. "माझं बी... मोळीनं न्हाई ना गेलं?"

डॉक्टर खुर्चीतून उठल्या. जवळ आल्या. स्वतःच्या हातांनी त्यांनी मला चंद्रभागाबाईंच्या डोक्यावरून खाली घेतलं आणि जमिनीवर ठेवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही पाडलं नाही."

चंद्रभागाबाई खाली माझ्याशेजारीच बसल्या. पदर तोंडाला लावून त्या रडल्या. आत बसलेल्या दुसऱ्या बाईनं त्यांना पाणी दिलं.

मित्रांनो, आता ऊस तुटायला लागून बरेच दिवस झाले आहेत. मनिषा परवा दुकानावरून गेली, बरी दिसत होती. पुढचं मला ठाऊक नाही आणि मी अंदाज सांगणारी पेटी नाही. मला जपून वापरा, झाकण आपटू नका, हे तर माझं मागणं आहेच, म्हाताऱ्या वस्तू तेवढं मागतातच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, वस्तीवर अशी एखादी आई, आजी, काकी असेल, जिचं एक लेकरू जन्माआधीच गेलं आणि जी अजून मनात म्हणत असेल, माझ्याच हातून झालं. ती कुणाला विचारणार नाही. डॉक्टरांचा जिना पुन्हा चढायला सगळ्यांनाच जमत नाही. तुम्ही आज घरी जाल, तेव्हा तिच्याजवळ बसा आणि तिला सांगा, तुझ्या हातून काही झालं नाही.